रुखवत नको, दुकान मांडा

इंदूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय बावन्न. महेश्वरी साड्यांचे उरलेले काठ आणि तुकडे जोडून त्या पाऊच, बटवे आणि खांद्याच्या पिशव्या शिवतात. सोबत क्रोशाची तोरणं आणि कापडी कानातली असतात. वर्षाला साधारण तीन प्रदर्शनांत स्टॉल घेतात. आयोजक सहा फूट बाय दोन फुटांचं एक टेबल आणि दोन खुर्च्या देतात. स्टॉलचं भाडं अडीच हजार, आणि मागच्या दोन्ही वेळी विक्री साडेचार हजारांच्या आसपास झाली. "सगळ्या बायका थांबतात, 'किती छान केलंय हो' म्हणतात आणि पुढे जातात," असं त्या लिहितात. शेजारच्या स्टॉलवर लोखंडी ग्रिड, फोल्डिंग रॅक आणि दिव्यांची माळ होती आणि तिथे गर्दी होती. तसं सगळं घ्यायचं तर बारा हजार लागतात. दोन दिवसांसाठी भाड्याने घेतलं तर अडीच हजार. यजमान म्हणतात, हौस आहे तोवर ठीक, पण हौशीपायी एवढा खर्च कशाला? सून म्हणते, घरातल्या डब्याखोक्यांवर मांडलं तर गरिबी दिसते. पुढचं प्रदर्शन गणपतीच्या आधी आहे. काय करावं?

ताई, आधी तुमच्याच आकड्यांकडे बघू. साडेचार हजारांतून अडीच हजार भाडं गेलं की दोन हजार उरतात. त्यातही दोरा, अस्तर, चेन आणि रिक्षा अजून धरलेली नाही. म्हणजे बारा हजारांचं सामान फेडायला सहा प्रदर्शनं, तुमच्या हिशोबाने दोन वर्षं. भाड्याने आणलंत तर अडीच हजार, म्हणजे हाती उरतं त्याहून पाचशे जास्त. यजमानांचा हौशीचा शेरा बाजूला ठेवला तरी गणित त्यांच्या बाजूचं आहे. पण म्हणून आहे तसंच चालू ठेवा, असंही नाही.

पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटलं: बायका थांबतात आणि पुढे जातात. रॅक आणि दिवे यांचं काम लांबून जाणाऱ्याला थांबवणं. तुमच्याकडे तर लोक थांबतातच. गळती त्याच्या पुढच्या पायरीवर आहे, आणि ती नेमकी कुठे आहे हे न बघता खर्च केला तर पैसे भलत्याच भोकाला बूच लावण्यात जातील. शेजारी गर्दी होती ती ग्रिडमुळे, हा तुमचा अंदाज आहे. त्यांच्या किमती लिहिलेल्या होत्या का? माल दोनशेच्या आतला होता का? त्या बाई टेबलामागे बसून होत्या की बाजूला उभ्या होत्या? हे पत्रात नाही, आणि त्या वेळी तुमचंही तिकडे लक्ष गेलं नसावं.

म्हणून येत्या प्रदर्शनात सुनेच्या हाती एक कागद द्या. चार खाने आखा: थांबले, हात लावला, किंमत विचारली, घेतलं. दर तासाला नवी ओळ, आणि प्रत्येक माणसामागे एक रेघ. पहिलाच खाना रिकामा राहिला तर लांबून काही दिसत नाही: उंची, उजेड किंवा रंग चुकलाय. थांबतात पण हात लावत नाहीत, तर मांडणीच त्यांना अडवते आहे. हात लावतात पण विचारत नाहीत, म्हणजे किंमत दिसत नाही आणि विचारायचा संकोच वाटतो. विचारून जातात, तर मग प्रश्न किमतीचा किंवा मालाचा. तिथे कुठलाही रॅक उपयोगाचा नाही.

पत्रावरून माझा कौल दुसऱ्या आणि तिसऱ्या खान्यावर आहे, आणि त्याचं कारण जरा गमतीचं आहे. आपल्या मराठी घरांतल्या बायकांना वस्तू मांडायची कला शिकवावी लागत नाही. चैत्रगौरीची आरास, गौरींपुढच्या पायऱ्या, लग्नातलं रुखवत. खाली डबे आणि पाट, वर चादर, मधोमध सगळ्यात देखणी वस्तू, दोन्ही बाजूंना सारखं. हात आपोआप तसाच चालतो. पण रुखवत बघायचं असतं. त्याला कुणी हात लावत नाही, लावला तर एखादी मावशी डोळे वटारते. "किती छान केलंय" म्हणून पुढे जाणं हीच रुखवतापुढची रीत. तुमच्या टेबलापुढे बायका ती रीत इमानाने पाळत आहेत. मांडणी इतकी नेटकी की एक बटवा उचलला तर सगळं बिघडेल असं वाटतं.

तेव्हा आरास करायचं कसब ठेवा आणि नीटसपणा थोडा मोडा. दोन्हीकडे सारखी मांडणी नको. एकीकडे उंच, दुसरीकडे सखल. पाऊचच्या रांगेत मुद्दाम एक जागा रिकामी सोडा, जणू नुकतंच कुणी उचललंय. एका पाऊचची चेन अर्धी उघडी ठेवून आत चष्मा ठेवा, दुसऱ्यात मोबाइल आणि किल्ल्या. म्हणजे "यात माझं काय मावेल" हे विचारावं लागत नाही. पुढच्या कडेजवळच्या पाटीवर "हाथ लगाकर देखिए" असं हिंदीत लिहा. गिऱ्हाईक सगळं मराठी नाही, आणि लिपी तर एकच आहे.

किमतीचं मी लांबवत नाही. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी, शिवाय प्रत्येक रांगेपुढे घडी घातलेल्या जाड कागदाची छोटी पाटी, हातभर अंतरावरून चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या आकड्यांची. किंमत लिहिली की भाव करायला वाव राहत नाही, ही भीती खोटी आहे. भाव करणारे लिहिलेल्या किमतीवरही करतात. न लिहिल्याने जातात ते विचारायला लाजणारे, आणि ते परत येत नाहीत.

आता उंची. टेबल अडीच फूट उंच. पाच फूट उंचीच्या बाईची नजर जमिनीपासून साधारण चार फूट आठ इंचांवर असते. म्हणजे सपाट मांडलेलं पाऊच तिच्या नजरेच्या दोन फुटांहून जास्त खाली, आणि तिच्या मागे उभी असलेली तर नुसती पाठ बघते. कंबर ते डोळे हा पट्टा सगळ्यात मोलाचा, आणि तुमच्या टेबलावर तोच रिकामा आहे. टेबलाच्या पायांखाली विटा लावायची कल्पना सुचेल, पण तंबूवाल्यांच्या टेबलांचे पाय सारखे नसतात, टेबल डुगडुगतं. टेबल राहू द्या, माल वर न्या.

टेबलाची खोली २४ इंच आहे. तिचे आठ-आठ इंचांचे तीन पट्टे करा. पुढचा पट्टा म्हणजे टेबलच, मधला पाच इंच वर, मागचा दहा इंच वर. त्यासाठी १२ मिलिमीटर प्लायच्या चार फळ्या लागतील, प्रत्येकी ३ फूट बाय ८ इंच. अख्खा ८ बाय ४ चा ताव घ्यायची गरज नाही. त्याच्या पाव भागाहून थोडंसंच जास्त लागतं, आणि प्लायवाल्याकडे एवढे तुकडे पडलेले असतात. तिथेच कापूनही घ्या. सहा फुटांच्या दोन फळ्या घेण्याचा मोह टाळा, त्या रिक्षात बसत नाहीत. तीन फुटी फळी आडवी बसते आणि वजनाला दीड किलोच्या आसपास भरते.

फळ्यांना आधार चपलांच्या खोक्यांचा. मोठ्यांच्या बुटांचं खोकं साधारण १३ इंच लांब, ८ रुंद आणि ५ उंच असतं. म्हणजे एक खोकं ही मधली पायरी, एकावर एक दोन ठेवली की मागची. प्रत्येक फळीखाली दोन जागी आधार, टोकांपासून सहा इंच आत. एकूण बारा खोकी. दुकानात मागितली तर मिळतात, फक्त एकाच मापाची बघून घ्या. अर्ध्या इंचाचा फरकसुद्धा फळी तिरकी करतो. रिकामं खोकं वजनाने मधे दबतं, म्हणून शिल्लक माल त्यातच भरा. खोकं भक्कम होतं आणि टेबलाखाली वेगळी थैली ठेवावी लागत नाही. मात्र विक्रीच्या वेळी खोकं ओढून काढता येणार नाही, त्यामुळे रोज लागणारा माल वेगळा ठेवा. वर-खाली ठेवलेली दोन खोकी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रुंद पट्टीने बांधा, आणि तीच ट्यूब कापून फळीखाली तिचे तुकडे ठेवा म्हणजे फळी सरकत नाही. विटांचा विचार असेल तर सोडा: एक वीट तीन किलोच्या आसपास, लागतात बारा, आणि छत्तीस किलो नुसतं उचलायचं.

ही मांडणी झाली की पुढच्या कडेवर दोन्ही तळव्यांनी जोर देऊन बघा. गिऱ्हाईक टेबलावर रेलतंच.

आता कापड, आणि सुनेचा "गरिबी दिसते" हा मुद्दा. ती अगदीच चुकीचं बोलत नाही. पण गरिबी खोक्यांमुळे दिसत नाही. एका टेबलावर सहा तऱ्हेच्या गोष्टी आल्या की दिसते: फुलाफुलांची चादर, वर प्लास्टिकचा ट्रे, शेजारी गोणपाट, लाल टोपली, सोनेरी लेस. दोन जिनसा ठरवा आणि त्यावरच राहा. तुमच्या मालात काठांचे इतके रंग आहेत की खाली साधं मांजरपाट आणि सोबत बांबू, एवढंच पुरे. क्रोशाच्या पांढऱ्या तोरणांमागे मात्र मांजरपाट नको, पांढऱ्यावर पांढरं हरवतं. तिथे गडद निळं किंवा मेंदी रंगाचं कापड. काळं टाळा, त्यावर धाग्याचा प्रत्येक केस दिसतो. गोणपाट फोटोत झकास दिसतं, पण त्याचे तंतू क्रोशात अडकतात आणि तेलकट वास कापडी मालाला लागतो.

माप असं: ६० बाय ९० इंचांचं कापड, म्हणजे सिंगल चादरीएवढं. ६० पैकी २४ इंच टेबलाचा माथा, ३० पुढे जमिनीपर्यंत, उरलेले ६ मागे दुमडायला. ९० पैकी ७२ लांबी आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ. बाजूंनी खालचं सामान थोडं दिसेल, तिथे खुर्च्या येतात. जुनी साडी पसरू नका. तिचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास, पुढून जमिनीपर्यंत पोचत नाही, आणि साडीच्याच काठाच्या वस्तू साडीवर ठेवल्या की डोळ्याला वस्तू कुठली आणि आसन कुठलं कळत नाही. पायऱ्यांवरचं कापड वेगळं घ्या, टेबलाच्या कापडाला जोडलेलं नको. लहान मूल खालचं टोक ओढतं, आणि कापड सलग असेल तर पायऱ्यांसकट सगळं खाली येतं.

थर्माकोलचं आधीच सांगते, कारण आरास म्हटलं की हात तिकडे जातो. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. शंभर मायक्रॉनहून पातळ प्लास्टिकच्या बॅनरवरही. नावाची पाटी कापडावर रंगवा किंवा सरळ भरतकाम करून लावा. तुमच्या स्टॉलला दुसरी कुठली पाटी शोभेल? आणि स्वच्छतेसाठी नावाजलेलं इंदूर आहे, तेव्हा टेबलाशेजारी कचऱ्याची बादली ठेवाच. हातातला कागद कुठे टाकावा हे शोधणारी बाई त्या निमित्ताने थांबते.

तोरणं टेबलावर पसरून विकली जात नाहीत. घडीत त्यांची लांबी कळत नाही आणि दारावर कशी दिसतील हेही कळत नाही. त्यांना दारच हवं. शेजारच्या बाईंच्या ग्रिडपेक्षा यावर थोडे पैसे जाऊ द्या. एक इंची पीव्हीसी नळीची चौकट घरी करता येते, आणि तीन मीटरच्या दोन नळ्या पुरतात. पहिलीतून ३६ इंचांचे दोन आणि १० इंचांचे चार तुकडे. दुसरीतून २६ इंचांचे चार आणि ६ इंचांचे दोन. जोडण्यासाठी तीन तोंडांच्या चार टी, काटकोनात वळणारे दोन एल्बो, सरळ जोडणारे दोन कपलर, चार टोप्या. दहा इंची तुकडे पुढे-मागे जाणारे पाय: दोन तुकडे एका टीच्या सरळ भोकांत, त्यांच्या बाहेरच्या टोकांना टोप्या. टीच्या वरच्या भोकात सहा इंची तुकडा, त्यावर दुसरी टी, तिच्यातून आडवा ३६ इंची दांडा. त्या टीच्या वर २६ चा तुकडा, कपलर, पुन्हा २६ चा तुकडा, मग एल्बो आणि माथ्यावर दुसरा ३६ चा दांडा. उंची पाच फुटांच्या जवळपास, रुंदी तीन फूट, म्हणजे घराच्या दाराएवढी. "तीन फुटी दारासाठी" असं चिठ्ठीवर लिहिलं की माप विचारायचं कामच उरत नाही.

यात चुका कुठे होतात ते सांगते. जोड चिकटवू नका, सुटे असले की सगळं एका लांब पिशवीत जातं. पण सुटं ठेवायचं तर प्रत्येक जोडावर मार्करने आकडे घाला, नाहीतर सकाळी घाईत अर्धा तास कोडं सोडवण्यात जातो. एक इंची नळीऐवजी पाऊण इंची घेतली तर वरचा दांडा वाकतो. एक इंचीतही आत बांबूची सरळ काठी सरकवलेली बरी, आणि वर तोरणं किंवा दोन-तीन पिशव्या, त्याहून जास्त भार नको. चौकट पुढे कलंडते ती खाली वजन नसल्याने. दोन लिटरच्या चार रिकाम्या बाटल्या न्या, तिथे पोचल्यावर पाणी भरा आणि चारही पायांना बांधा. जाताना वजन नाही, तिथे आठ किलो. बुच घट्ट आहे ना ते उलटी करून बघा, खाली कापडाचा माल आहे. पांढऱ्या नळीचा नळकाम-छाप रंग खुपत असेल तर मांजरपाटाची दोन इंची पट्टी तिरकी गुंडाळा. रंग लावला तर जोडांशी खरवडला जातो.

ही चौकट टेबलामागे नको, टेबलाच्या एका बाजूला उभी करा, म्हणजे येणाऱ्याला लांबून तोरण दिसतं आणि हातही पोचतो. लटकवायला दोन मिलिमीटर जाडीच्या जस्ती तारेचे सहा-सहा इंचांचे तुकडे पक्कडीने इंग्रजी एससारखे वाकवा. टोकं आत वळवा, नाहीतर क्रोशा उसवतो. पिशव्या लटकवताना तोंड समोर, कड नव्हे. रिकामी पिशवी लोळागोळा दिसते, आत जुन्या साडीचा बोळा भरा. वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते.

कानातल्यांसाठी घरात शोध घ्या. जुन्या फ्रिजचा तारेचा कप्पा, कूलरची निकामी झालेली जाळीची बाजू, काच फुटलेली फोटोफ्रेम, यांपैकी काहीही चालेल. फ्रेममध्ये अर्ध्या इंची तारेची जाळी बसवायची तर कापलेली टोकं पक्कडीने दुमडून वर कापडी पट्टी शिवा. उभी फ्रेम मागे थोडी कललेली हवी, अगदी सरळ उभी केली तर धक्क्याने पुढे पडते. कानातली थेट जाळीत अडकवू नका, जोडी सुटते आणि संध्याकाळी एक-एक शोधावं लागतं. दोन बाय तीन इंचांचं कार्ड, त्याला एक इंच अंतरावर दोन भोकं, वर टांगायला एक. कार्डासाठी जाड कागद विकत घेण्याआधी कपाटातल्या लग्नपत्रिका काढा. एकीतून चार कार्डं सहज निघतात. गणपतीचा भाग तेवढा बाजूला ठेवा, त्याला भोक पाडणं कुणालाच आवडणार नाही.

आणि आरसा. कानातली विकायची आणि आरसा नाही, असे स्टॉल जागोजागी दिसतात. सहा बाय आठ इंचांहून लहान नको, आणि ठेवायचा तो चेहऱ्यासमोर येईल असा, मागच्या पायरीवर.

टोपल्यांबद्दल थोडं. दुरडी, परडी, सूप, रोवळी हे सगळं सुंदर आहे आणि घरात असतं, पण आपल्याकडे ढीग म्हणजे स्वस्त असा अर्थ होतो. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री जिलब्यांची रास रचलेली असते ती शोभते, कारण तो माल वजनावर विकायचा आहे. सातशेची पिशवी ढिगात टाकली की ती दोनशेची होते. तेव्हा टोपलीत फक्त शंभराच्या आतला माल: चिल्लरचे बटवे, किल्लीचे गोंडे, एकाच किमतीचा. टोपली सपाट ठेवली तर समोरच्याला तिची बाजूच दिसते. मागच्या कडेखाली वर्तमानपत्राची गुंडाळी सरकवून ती पुढे कलती करा. महागाच्या पिशव्यांचं उलट. सहाच बाहेर ठेवा, दोन पिशव्यांमध्ये वीतभर अंतर सोडा, बाकीच्या खाली. विकली गेली की तिथे दुसरी. चाळीस बाहेर काढल्या तर बघणारी दमते आणि "नंतर येते" म्हणते.

सराफ्यात पुढच्या वेळी गेलात तर खाण्याआधी थोडं नुसतं उभं राहून बघा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती मिटली की त्याच जागी खाण्याची. रोज रात्री उभं करायचं आणि रोज आवरायचं. ज्यांना रोज मांडावं लागतं ते एकही फालतू वस्तू सोबत आणत नाहीत.

उजेडाचं काम आधी आयोजकांना विचारून ठरवा: स्टॉलपाशी सॉकेट आहे का, किती वॅटची परवानगी आहे, मागे भिंत आहे की पडदा. प्रदर्शन संध्याकाळपर्यंत चालत असेल, आणि ढगाळ दिवस असेल तर दुपारीही, दिवा लागतोच. दिव्यांची माळ शोभेची आहे, तिने माल दिसत नाही. घरात मुलांचे जुने मान वळणारे टेबललॅम्प असतील तर दोन न्या. ते मधल्या पायरीच्या दोन टोकांना ठेवून मान मालाकडे खाली वळवा, समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाता कामा नये. नऊ वॅटचा एलईडी एकेका बाजूला पुरतो. बल्बच्या खोक्यावर केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, लिहिलेलं असतं: ६५०० चा पांढराफटक, त्यात मरून आणि विटकरी रंग मेलेले दिसतात, ३००० चा पिवळसर, त्यात निळा-जांभळा मळतो. तुमच्याकडे दोन्ही रंग आहेत, तर ४००० चा घ्या. जरीचे धागे ट्यूबच्या सपाट उजेडात झोपतात आणि अशा बल्बच्या एका बिंदूतल्या उजेडात चमकतात, हे काठाच्या मालाला फार उपयोगी आहे. इंदूरच्या महाराणी रोडवर हे सगळं मिळेल, पण आधी घरातलं बघा. एक्स्टेन्शनची वायर टेबलाखालून न्या, बोर्ड जमिनीवर न ठेवता विटेवर ठेवा. पावसाचे दिवस आहेत आणि मंडपात पाणी येतं. त्याच कारणाने खोक्यांखाली आणि सगळ्यावर टाकायला प्लास्टिकचे दोन मोठे तुकडे बरोबर हवेत. ओलं झालेलं खोकं बसकण मारतं.

भाड्याने घ्यायचंच झालं तर फक्त दिवे घ्या, तेही घरात नसतील तरच. एकूण खर्चाची वरची हद्द दीड हजार ठेवा, आणि त्यातला बराचसा नळीच्या चौकटीवर आणि प्लायवर जाऊ द्या. पुढे दोन-तीन प्रदर्शनांनंतर माप आणि मांडणी पक्की झाली की खोक्यांच्या जागी लाकडी पायऱ्या करून घ्यायला हरकत नाही. खोक्यांवर चूक झाली तर कात्रीने दुरुस्त होते, सुतारकामातली चूक घरात पडून राहते.

प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी घरी पूर्ण तालीम करा. जमिनीवर खडूने सहा बाय दोनचा चौकोन आखा किंवा जेवणाचं टेबल घ्या. घड्याळ लावून मांडा. चाळीस मिनिटांत होत नसेल तर काहीतरी कमी करा. मग दहा फूट मागे जाऊन मोबाइलने फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. जी वस्तू करड्या डागासारखी मागच्या कापडात मिसळली, तिची जागा किंवा मागचं कापड बदला. हा रंगीत फोटो प्रदर्शनाच्या सकाळी सुनेच्या मोबाइलवर उघडा ठेवा. कोण काय कुठे ठेवतंय यावरची वादावादी वाचते. तो फोटो बघून तिचं गरिबीचं मतही काय होतं ते कळेल.

स्टॉलवर खुर्ची टेबलामागे नको, बाजूला घ्या. मधे टेबल आलं की ते काउंटर होतं. पैसे घ्यायचा क्यूआर कोड फ्रेममध्ये घालून मागच्या पायरीवर ठेवा, कडेला ठेवला तर त्यावर कुणीही दुसरा चिकटवू शकतं. पैसे पाठवताना समोरच्याच्या मोबाइलवर तुमचंच नाव येतंय ना, एवढं विचारा.

एका डब्यात कात्री, सेफ्टी पिना, सुतळी, रुंद चिकटपट्टी, मार्कर, सुई-दोरा, कोऱ्या चिठ्ठ्या आणि आरसा पुसायचं फडकं. आणि चार खान्यांचा कागद, पेनासकट. पहिल्या दिवशी दुपारी तो बघून मांडणी बदला, संध्याकाळची वाट बघू नका. प्रदर्शन झालं की त्या कागदाचा फोटो पाठवा. दुसरा आणि तिसरा खाना भरून चौथा रिकामाच राहिला असेल, तर पुढच्या पत्रात किमतींबद्दल बोलू.